धाव कुंपणापर्यंत

एकतीस वर्षं मी पनवेलच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वाट्याला वर्षाला दोन तास यायचे. पहिल्या तासाला साप, दुसऱ्याला मगर आणि कासव, आणि पाली-सरडे शेवटच्या पाच मिनिटांत, घंटा व्हायच्या आत. निवृत्त झाल्यावर एका दिवाळीत माझा जुना विद्यार्थी भेटायला आला. तो आता पाली-सरड्यांचाच अभ्यास करतो. फराळाची बशी बाजूला ठेवून त्यानं फोनवर एक चित्र दाखवलं आणि म्हणाला, "बाई, ओळखा." मी म्हटलं, "गांडूळ, नाहीतर वाळा असेल." तो म्हणाला, "सापसुरळी आहे बाई. पाय नसलेली. ओडिशात चिलिका सरोवरातल्या एका बेटावर पहिल्यांदा सापडली. आजवरच्या नोंदी इतक्या थोड्या की ती टिकून राहील ना, याचीच काळजी वाटते."

एकतीस वर्षांत अशी सापसुरळी असते, हे माझ्या कानावरून गेलं नव्हतं. तेव्हापासून चार वर्षं मी या विद्यार्थ्याच्या मागे लागून वाचते आहे, जमेल तेव्हा त्याच्याबरोबर हिंडते आहे. त्यातून जे हाती लागलं, आणि ज्याची लाज वाटली, ते इथे लिहिते आहे.

१.

सापसुरळीचं नाव मला ठाऊक होतं. ती ठाऊक नव्हती. लाइन आळीतल्या आमच्या वाड्यात आजी तिला सापाची मावशी म्हणायची. "चावली तर माणूस पाणी मागत नाही," असं सांगून आम्हा पोरांना तुळशीवृंदावनाच्या फटीपासून लांब ठेवायची. मी पुढे शिकले, बी.एड. झाले, फळ्यावर सापसुरळीची आकृती काढून मुलांना सांगू लागले की हिला विष नसतं. आणि त्याच काळात एका सकाळी मोरीत शिरलेली सापसुरळी मी खराट्यानं मारली. मुलगी रांगत होती, मला भीती वाटली. अंगावर तांबूस झळाळी असलेला तो जीव दोन फटक्यांत संपला. मी पाणी ओतून मोरी धुतली आणि दहा वीसच्या तासाला वर्गावर गेले. पुस्तकातली सापसुरळी आणि मोरीतली सापसुरळी एकच आहे, हे त्या दिवशी माझ्या मनात आलंसुद्धा नाही.

जमैका बेटावर गॅलिवॉस्प नावाचा सापसुरळीसारखा दिसणारा, पण चांगला दांडगा प्राणी होता. तिथले लोक म्हणायचे, हा चावला तर पाण्याकडे धाव घ्यायची. आधी माणूस पाण्याशी पोहोचला तर तो वाचतो, आधी तो प्राणी पोहोचला तर माणूस मरतो. प्रत्यक्षात त्यालाही विष नव्हतं. त्यातली सर्वात मोठी जात गेल्या दीडशे वर्षांत कोणी पाहिलेली नाही. 'बहुधा नामशेष' असा शेरा तिच्या नावापुढे आहे. १८५०च्या दशकात बाटलीत घालून परदेशी नेलेला तिचा एक नमुना स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयानं एप्रिल २०२४मध्ये जमैकाला परत दिला. आपल्या मातीतला प्राणी दीडशेहून जास्त वर्षांनी बाटलीत बसून घरी आला, हे वाचताना मला आमची मोरी आठवली. माझी आजी आणि जमैकातली कोणी आजी, दोघींनी पोरांच्या काळजीपोटी एकच गोष्ट सांगितली होती.

२.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण मी जन्मभर माणसांसाठी वापरली. कोणाची कुवत बेताची आहे असं सुचवायचं असलं की ती तोंडात यायची. सरड्याच्या बाजूनं ती कधी ऐकलीच नव्हती. बेटावरच्या जिवाला पाणी हेच कुंपण. त्याच्या आत जे आहे तेवढंच त्याचं जग, आणि त्या जगात काही बिघडलं तर पळायला दुसरी जागा नाही.

बार्कुडा हे चिलिकाच्या दक्षिण भागातलं लहानसं बेट. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनान्डेल चिलिकातल्या जीवसृष्टीचा अभ्यास करत होते. या बेटावर वडाच्या मुळांशी, भुसभुशीत मातीत ही बिनपायांची सापसुरळी मिळाली. १९१७ साली त्यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि बेटाचंच नाव तिला दिलं, बार्कुडिया इन्सुलॅरिस. मातीतून पोहत गेल्यासारखी ती सरकते, तिथे पायांची अडचणच व्हायची. निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत ती आज अतिसंकटग्रस्त आहे. एका वडाखालची माती हेच ज्याचं घर, तो वड पडला, माती तुडवली गेली, तर त्या जिवानं काय करायचं? पाण्याच्या काठापर्यंत यायचं आणि थांबायचं.

आता ख्रिसमस बेटाची गोष्ट सांगते. हे बेट हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेला; ताबा ऑस्ट्रेलियाचा. तिथे रानात एक सापसुरळी होती, जगात दुसरीकडे कुठेच नसलेली. १८८७ साली शास्त्राला तिची ओळख झाली. पुढची जवळजवळ शंभर वर्षं ती तिथे मुबलक होती, उन्हाच्या तुकड्यात पाचोळ्यावर बसलेली सहज दिसायची. मग ती कमी होत गेली. लोकांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तीन माद्या पकडून जपल्या, नर मिळाला की वंश पुढे जाईल या आशेवर. नर मिळालाच नाही. २०१० नंतर रानातही कोणी दिसलं नाही. तिघींतली शेवटची, जिला सांभाळणाऱ्यांनी गंप असं नाव दिलं होतं, ३१ मे २०१४ रोजी मेली. २०१७ साली त्या जातीपुढे 'नामशेष' असं लिहिलं गेलं.

मला त्या तारखेचा धक्का बसला. एखादी जात संपली असं आपण म्हणतो तेव्हा काहीतरी धूसर, युगं घेणारं घडलं असं वाटतं. इथे तारीख आहे. पनवेलला त्या दिवशी मे महिन्यातला शनिवार होता. मी बहुतेक आंबे आणायला बाजारात गेले असेन.

३.

मला सर्वात अस्वस्थ केलं ते या प्राण्यांना संपवणाऱ्यांच्या ओळखीनं. कवड्या साप आमच्या घरातलाच. तपकिरी अंगावर पांढुरके पट्टे, रात्री भिंतीवरून पालींच्या मागे फिरणारा. बिनविषारी. लोक मण्यार समजून त्याला मारतात म्हणून मी वर्गात त्याची बाजू घ्यायचे, आजही घेते. ख्रिसमस बेटावर १९८०च्या दशकात जहाजातल्या मालाबरोबर जो साप उतरला, तो याच कवड्याचा चुलतभाऊ. १९८७ साली त्याची पहिली नोंद झाली. तिथल्या पाली-सापसुरळ्यांनी असा साप कधी पाहिला नव्हता, त्याच्यापासून पळायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तिथली रानातली सापसुरळी आणि तिच्या सोबतचे आणखी काही जीव ज्या वेगानं गेले, त्याला बहुधा हाच साप कारणीभूत असावा असं अभ्यासक मानतात.

आणि मुंगूस. सकाळी घरातून निघताना मुंगूस आडवं गेलं की आई म्हणायची, आज काम होणार. माझ्या नेमणुकीच्या मुलाखतीला निघाले तेव्हाही ते दिसलं होतं आणि आईनं दारातूनच हात जोडले होते. १८७२ साली जमैकातल्या एका मळेवाल्यानं उसातले उंदीर आवरायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. ती तिथे फोफावली. उंदरांबरोबर त्यांनी जमिनीवरची अंडी, पिल्लं, पाली, सरडे, सगळ्यांचा फडशा पाडला. तिथून ती शेजारच्या बेटांवरही नेली गेली. जमैकाचा मोठा इग्वाना बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे कडेलोटाला पोहोचला.

मुंगसाचा किंवा कवड्याचा यात काय दोष? आपल्या अंगणात ते शोभतात, कारण इथल्या पालीला त्यांची हजारो वर्षांची ओळख आहे, ती चपळ झाली, त्यांच्यापासून पळायला शिकली. तेच मुंगूस पेटीत घालून दुसऱ्याच्या बेटावर सोडलं की शुभशकुनाचं काय होतं, हे मला कळायला साठी उलटावी लागली.

४.

'दिसत नाही' आणि 'नाही' यांत किती अंतर आहे, हे मी घरातच शिकायला हवं होतं. १९७१ साली माझे धाकटे काका घरातून गेले ते परत आले नाहीत. सात वर्षांनंतर कायद्यानं माणूस मेला असं धरता येतं, असं कोणीतरी वडिलांना सांगितलं. काकूंनी कुंकू पुसलं नाही. वटपौर्णिमेला त्या वडाला सूत गुंडाळत राहिल्या. आम्हा मुलांना तो वेडेपणा वाटायचा.

शास्त्रज्ञही असंच वागतात, हे वाचून मला काकू आठवल्या. शेवटचा जीव मेला आहे याबद्दल कसलीही वाजवी शंका उरली नाही, तरच एखाद्या जातीला नामशेष म्हणायचं, असा आययूसीएनचा नियम आहे. त्याआधी तिच्या सगळ्या माहीत असलेल्या ठिकाणी, योग्य ऋतूत, दिवसाच्या योग्य वेळी, पुन्हा पुन्हा शोधावं लागतं. भलत्या वेळी शोधून 'नाही' म्हणणं हा शोध नव्हे.

आपल्याकडचंच उदाहरण रानपिंगळ्याचं. हे छोटं घुबड १८८४नंतर खात्रीलायकरीत्या कोणालाच दिसलं नव्हतं. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या पक्षी संग्राहकानं १९१४ साली गुजरातेत एक मिळवल्याचं सांगितलं होतं, आणि लोक त्या दिशेनं शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिलं की तो नमुना दुसऱ्याच्या संग्रहातून उचललेला होता आणि त्याच्यावरची चिठ्ठी खोटी होती. ती खोटी जागा वगळून जुन्या खऱ्या ठिकाणांच्या मागावर त्या आणि त्यांचे सहकारी निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा उन्हात फांदीवर बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. २०१४ साली तर तो ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यातही आढळला, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या रानात.

खोट्या चिठ्ठीनं किती वर्षं खाल्ली, याचा मला राग येतो. मीही शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या आहेत. जागा आठवत नसली की 'पनवेल परिसर' असं ठोकून द्यायचे. त्या बाटल्या पुढे कोणाच्या हाती लागणार, असा विचार मी केला नाही.

आणि तो जमैकाचा इग्वाना. १९४०च्या दशकानंतर त्याला संपलेलाच धरलं होतं. १९९० साली हेलशायरच्या टेकड्यांत एका रानडुकरांच्या शिकाऱ्याच्या कुत्र्यानं त्यातला एक जिवंत धरला. मग तिथल्या प्राणिसंग्रहालयात पिल्लं मोठी करून, मुंगसाच्या तोंडी सहज जाणार नाहीत इतकी झाल्यावर रानात सोडण्याचं काम सुरू झालं. माझा विद्यार्थी म्हणतो, "बाई, किती नावं यादीतून कमी व्हायची एका कुत्र्यामुळे वाचली असतील." मला काकू आठवतात. काकांचा शोध लागला नाही, पण काकूंनी दार लावलं नाही.

५.

बेटाला समुद्र लागतोच असं नाही, हे मला रत्नागिरीच्या सड्यावर कळलं. माझ्या विद्यार्थ्याबरोबर मी दोन वर्षांपूर्वी तिकडे गेले, पाऊस नुकताच सुरू झाला होता. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, मैलोनमैल. सातबाऱ्यावर त्याला पोटखराबा म्हणतात. मी रायगडची, अशा माळावरून लहानपणापासून एसटीनं गेले आहे, आणि खिडकीतून पाहताना मला ती रिकामी जागाच वाटत आली. त्या रिकाम्या जागेवर पावसाचे चार शिंतोडे पडले की निळी-पिवळी फुलं उमलतात, खळग्यांत पाणी साठतं, बेडूक ओरडायला लागतात. याच कातळावर कोणे एके काळी माणसांनी कोरलेले हत्ती, मासे, मोर आहेत, ती कातळशिल्पं २०२२पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पण आम्ही आलो होतो दगडाखालचं पाहायला.

जिल्ह्यातल्या डोर्ले गावावरून १९६३ साली एका नव्या पालीचं वर्णन झालं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ॲलिस ग्रँडिसन आणि आपले पी. डब्ल्यू. सोमण, दोघांनी मिळून ते केलं. त्याच वर्षी सोमणांनी कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या परिसरातून एका छोट्या भेकाचीही ओळख करून दिली. आज तो कोयना भेक म्हणून ओळखला जातो. धरण भरत होतं आणि त्याच्या काठावर कोणीतरी वाकून बेडूक पाहत होतं, ही कल्पना मला फार आवडते. डोर्ल्याची पाल पांढऱ्या पट्ट्यांची, जमिनीवर राहणारी, कोकणातल्या या सड्यांवरच मिळणारी. भिंतीवर चढणाऱ्या पालींच्याच कुळातली, पण हिचं जग सुट्या दगडाच्या खालची वीतभर सावली. सड्याच्या कडेला झाडी लागली, भाताची खाचरं लागली, बाग लागली की हिचं कुंपण आलं.

दगड उचलायची रीत त्यानं शिकवली. पलीकडची कड धरून दगड आपल्या बाजूला कलता करायचा, म्हणजे खाली जे असेल त्याला आपल्यापासून दूर जायला वाट राहते आणि विंचू असला तर आपले पायही वाचतात. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच ठशावर ठेवायचा. पहिल्या दिवशी विंचू, गोमा, मुंग्यांची वारुळं आणि एक झोपलेला बेडूक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एक चपटा दगड कलता केला आणि खाली ती होती. करंगळीएवढी. हलली नाही. मी श्वास रोखून पाहत राहिले, किती वेळ ते आठवत नाही. मग घाईघाईनं दगड ठेवला. त्यानं मागून येऊन तो उचलला, फिरवला, आणि पुन्हा बसवला. मी तो उलट्या अंगानं ठेवला होता. त्याखालची फट बंद झाली असती. तो काही बोलला नाही. सगळी उमर मुलांच्या वह्या तपासण्यात गेली; माझी चूक अशी न बोलता कोणी दुरुस्त केलेली मला आठवत नव्हती.

परतताना सड्याच्या एका टोकाला कातळात सुरुंग लावून खड्डे केले होते, त्यांत बाहेरची माती भरून कलमं लावली होती. शेतकऱ्याला हापूस पैसे देतो, कातळ देत नाही. तिथल्या माणसाला मी कोणत्या तोंडानं काही सांगावं? दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी माझ्या घरी पेटी येतेच.

६.

घरी आल्यावर आमच्या कुंपणाची भिंत मी नव्यानं पाहिली. १९९६ साली बांधलेली, चिऱ्यांची. चिरा म्हणजे जांभा; आमच्या बाजूला काळा दगड, म्हणून हे चिरे दक्षिणेकडून ट्रकानं आले होते. कुठल्या खाणीतून, ते आम्ही विचारलं नव्हतं. दर विचारला होता. मी त्या भिंतीला टेकून तासन् तास कपडे वाळत घातले आहेत, मुलीचे केस विंचरले आहेत. एका चिऱ्याला अजून फावड्याचा घाव दिसतो. त्या चिऱ्याच्या वर कधीतरी सडा होता.

सड्यांबद्दल वाचत गेले तेव्हा आणखी एक नाव भेटलं. सातारच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली, गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला सरडा राहतो. २०१६ साली दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आणि त्याच्या भावंडांना नवी प्रजाती म्हणून वेगळं केलं. तिला नाव दिलं 'सरडा'. आपलाच शब्द, शास्त्रीय नाव म्हणून. जगात कुठेही त्या प्राण्यावर कोणी लिहिलं तर त्याला आपला शब्द लिहावा लागतो. हे वाचल्यावर मला एकदम भरून आलं. एकतीस वर्षं मुलांना शिव्यांत आणि म्हणींत मिळालेला हा शब्द. माझ्या वर्गात कुणाला तो अभिमानानं उच्चारावासा वाटावा असं मी काही केलं नाही.

७.

माझा विद्यार्थी एकदा सहज म्हणाला, "बाई, उलव्याच्या टेकडीवर काय काय होतं? तुम्ही तर इथल्याच."

मी बोलायला तोंड उघडलं आणि बोलता आलं नाही.

नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी टेकडी सपाट झाली, तिची उंची नव्वदेक मीटर होती. बेलापूरकडे जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून ती दिसायची. चोहोबाजूंना खाडी, खारफुटी, भाताची आणि मिठाची जमीन, आणि मधे हा काळ्या दगडाचा डोंगर. पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाहिली तर ती बेटच वाटायची. २०१७-१८च्या सुमाराला सुरुंगांचे आवाज पनवेलपर्यंत यायचे, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. उलवे नदीचा प्रवाह वळवला. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, वाघिवलीवाडा अशा दहा गावांतली माणसं घरं सोडून गेली. त्यांतल्या कितीतरी घरांतली मुलं माझ्या वर्गात होती. त्यांच्यासाठी मी रडले आहे, त्यांच्या नव्या घरांच्या वास्तुशांतीला जेवले आहे. खारफुटीबद्दल, नद्यांबद्दल सभा झाल्या, त्यांतल्या दोन सभांना मीही गेले होते.

टेकडीवर मात्र मी एकदाही चढले नव्हते. शाळेची सहल दरवर्षी कर्नाळ्याला जायची. बारा चौरस किलोमीटरचं अभयारण्य, मुंबई-गोवा रस्त्यावर, सगळ्यांना सोयीचं. तिथे मुलांना मी मान वर करून पक्षी पाहायला शिकवलं. भृंगराज दाखवला, नशिबानं कर्णाही दिसला. पायाखालचा दगड उलटून पाहा असं मी एकाही मुलाला सांगितलं नाही, कारण मीच कधी उलटला नव्हता.

त्या टेकडीवर काही निराळं होतं असं मी म्हणत नाही. कदाचित आमच्या मोरीतल्यासारखी साधी सापसुरळी असेल, दगडांच्या कपारीत नेहमीच्याच पाली असतील. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत सह्याद्रीत आणि दक्षिणेतल्या टेकड्यांवर अंगठ्याएवढ्या पालींच्या इतक्या नव्या जाती ओळखल्या गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक एकेका डोंगरापुरत्याच आहेत, हे वाचल्यापासून मला तो प्रश्न सोडत नाही. बार्कुडाच्या सापसुरळीला निदान ॲनान्डेल मिळाले. नाव मिळालं, साल मिळालं, म्हणून आज तिची काळजी तरी करता येते. ज्याची कोणी चिठ्ठीच लिहिली नाही, ते होतं की नव्हतं, याचा शोध कुठल्या ऋतूत घ्यायचा?

"माहीत नाही रे," एवढंच मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "कोणालाच नाही माहीत बाई." त्यानं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं.

८.

आता मी एक वही ठेवली आहे. दोनशे पानी, शाळेतल्यासारखी. तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग, आणि काय दिसलं. जागा नीट लिहिते: कितवा चिरा, नळापासून किती पावलं. कर्नाळ्याची पानं आहेत, वडाळे तलावाच्या काठाची आहेत, माझ्या लेकीच्या घरामागच्या ओढ्याची आहेत. ज्या दिवशी काही दिसत नाही त्या दिवशीही लिहिते, 'पाऊण तास पाहिलं, दिसलं नाही'. सुरुवातीला ही ओळ लिहायला जड जायचं. माझ्या विद्यार्थ्यानं वही चाळली तेव्हा तो नेमका त्याच ओळींवर थांबला आणि म्हणाला, बाई, हे सोडू नका.

गल्लीतल्या दोन मुली शनिवारी येतात. त्या माझ्यापेक्षा तीक्ष्ण नजरेच्या आहेत. दगड आपल्या बाजूला कलता करायचा आणि होता तसा ठेवायचा, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं.

घावाच्या चिऱ्याखाली एक सापसुरळी राहते. थंडीत ती साडेनऊच्या आधी बाहेर येत नाही. डिसेंबर २०२५पासून विमानं सुरू झाली. पहिले काही दिवस आवाज आला की ती फटीत शिरायची आणि बराच वेळ परतायची नाही. काल सकाळी नऊ चाळीसला ती चिऱ्यावर आली, पोट टेकून पसरली. वरून विमान गेलं. तिनं डोकं उचललं, पुन्हा टेकलं. मी तेवढं लिहून घेतलं.